काउंटरवरची मी आणि घरातली मी: यांतला खरा ‘स्व’ कोणता?

निपाणीची_लेक

नमस्कार. माझे माहेर निपाणी. लग्नानंतर बेळगावात शहापूर भागात राहते आणि एका पतसंस्थेत काउंटर सांभाळते. घरी आम्ही मराठी बोलतो, काउंटरवर मात्र दिवसभर बहुतेक कन्नडच असते. परवा हुक्केरीकडचे एक आजोबा पासबुक घेऊन आले. “बर्री, कूड्री” म्हणत मी त्यांना खुर्ची दिली, पिशवीतले चुरगळलेले कागद एकेक करून लावून दिले. तेच ते तीनदा विचारूनही माझा आवाज चढला नाही. त्याच संध्याकाळी सासूबाईंनी गॅसचे पुस्तक कुठे ठेवले म्हणून दोनदा विचारले, तर मी तोडून बोलले. यजमान एवढेच म्हणाले, “काउंटरवरची बाई घरी कधी येणार?” ते वाक्य मनातून जात नाही.

मी बाहेरून बी.ए. करते आहे आणि मानसशास्त्र हा माझा विषय आहे. ‘स्व’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ एकाच प्रकरणात शिकवले आहेत, पण दोहोंतला फरक मला नीट उमगलेला नाही. भाषा बदलली की माणूसही बदलतो का? आणि बदलत असेल, तर त्यातला खरा कोणता?

मलप्रभाकाठ

ताई, माणूस स्वतःला जसा ओळखतो तो त्याचा ‘स्व’, आणि विचार, भावना व वागणूक यांची त्याची जी बराच काळ टिकणारी घडण असते ते व्यक्तिमत्त्व. पहिल्याचे उत्तर तुम्हीच देऊ शकता. दुसऱ्याबद्दल सासूबाईंनाही बरेच सांगता येईल. कून आणि मॅकपार्टलँड यांनी 1954 साली मांडलेली एक साधी चाचणी करून पाहा. ‘मी कोण आहे?’ या प्रश्नाची वीस उत्तरे, सुचतील त्या क्रमाने, थांबून विचार न करता लिहायची.

खानापूरचे_गुरुजी

मी अनेक वर्षे हा विषय शिकवला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

विल्यम जेम्स यांनी 1890 सालच्या ग्रंथात जाणणारा ‘मी’ आणि जाणला जाणारा ‘मी’ असे दोन भाग केले. जाणल्या जाणाऱ्या ‘मी’मध्ये शरीर, कपडे, घर हा भौतिक स्व येतो, अंतरंगाचा स्व येतो आणि लोक आपल्याला जसे ओळखतात तो सामाजिक स्वही येतो. जेम्स यांच्या मते, आपल्याला ओळखणारी जितकी माणसे, तितके आपले सामाजिक स्व. पुढे 1902 साली कूली यांनी आरशाची उपमा दिली: समोरच्याला आपण कसे दिसत असू आणि तो आपल्याबद्दल काय मत करत असेल याची आपण कल्पना करतो, आणि त्यातून अभिमान किंवा खंत घेतो. आजोबांच्या चेहऱ्यात तुम्हाला एक बाई दिसली, यजमानांच्या वाक्यात दुसरी. दोन्ही आरसे खरे आहेत, आणि एकाच दिवसात दोन प्रतिमा दिसणे हा काही विकार नव्हे.

आता व्यक्तिमत्त्वाकडे येतो. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी 1936 साली इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे 18,000 शब्द वेचले, आणि गुणविशेषांच्या अभ्यासाला तिथून मोठी चालना मिळाली. पण 1968 साली वॉल्टर मिशेल यांनी एक अडचणीचा प्रश्न पुढे ठेवला. गुणविशेषांच्या चाचणीवरून प्रत्यक्ष प्रसंगातल्या वागणुकीचे भाकीत करायला गेले, तर सहसंबंध (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण जुळणी) 0.30 च्या फारसा वर जात नाही, असे त्यांनी दाखवून दिले. मग व्यक्तिमत्त्व नावाची वस्तू आहे तरी का? याचे उत्तर मला मुलांच्या उन्हाळी शिबिरात केलेल्या, 1994 साली प्रसिद्ध झालेल्या शोडा, मिशेल आणि राइट यांच्या अभ्यासात सापडते. एखादे मूल सोबत्याने चिडवले की भडके, पण मोठ्यांनी तंबी दिली तर शांत राही. दुसऱ्या मुलाचे नेमके उलटे. ‘असे घडले, तर हा असा वागतो’ हा नमुना ज्याचा त्याचा वेगळा होता आणि तो बराच टिकून राहत होता. म्हणजे सातत्य शोधायचे ते एकट्या शांतपणात किंवा एकट्या रागात नव्हे, तर कुठे शांतपणा आणि कुठे राग, या जोडणीत.

म्हणून तुम्हाला माझा उलट प्रश्न आहे: काउंटरवर मराठी ग्राहक आला, तर तुम्ही कशा वागता? आणि घरी असताना कुणाशी कन्नड बोलावे लागले, तर?

संकेश्वर_वाचक

गुरुजींचे विवेचन मान्य आहे, तरी एक बाजू राहून गेली असे मला वाटते. यजमानांचे ते वाक्य का टोचते, हेही पाहायला हवे. कार्ल रॉजर्स यांनी वास्तव स्व आणि आदर्श स्व यांच्यातल्या अंतराला मोठे महत्त्व दिले. हिगिन्स यांनी 1987 साली त्यात आणखी एक भेद केला: आपल्याला जसे व्हावेसे वाटते त्यापासून दूर राहिलो, तर मन खिन्न होते, आणि आपण जसे असलेच पाहिजे असे वाटते त्यापासून ढळलो, तर धास्ती आणि अपराधीपणा येतो. ताई, त्या रात्री तुम्हाला यांतले कोणते वाटले, हे तुम्हीच तपासावे. सगळेच स्व खरे असतात एवढे म्हणून हा प्रश्न मिटेल, असे मला वाटत नाही.

निपाणीची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. गुरुजी, आपल्या प्रश्नाने माझा घोळ बराच सुटला. काल काउंटरवर एका मराठी बाईंनी मुदत ठेवीचे व्याज चारदा विचारले आणि मी चारही वेळा शांतपणे सांगितले. उलट, शेजारच्या अक्कांची मुलगी संध्याकाळी साखर मागायला आली तेव्हा मी तिला तुटक उत्तर दिले, आणि तेही कन्नडमध्येच. तेव्हा गाठ भाषेशी नाही. दिवेलागणीची वेळ, स्वयंपाकघर आणि कुणीतरी काहीतरी मागणे हे एकत्र आले की मी तशी वागते.

संकेश्वरचे दादा, त्या रात्री खिन्नता नव्हती, अपराधीपणाच होता.

वीस ओळी रात्री सगळे झोपल्यावर लिहिल्या. पहिली ओळ ‘मी निपाणीची’, दुसरी ‘मी आई’, चौथी ‘मी हिशेबाला पक्की’. ‘सून’ हा शब्द सतराव्या ओळीला आला. ‘शांत’ हा शब्द विसांत कुठेच नाही, आणि काउंटरवर तर सगळे मला तेच म्हणतात.