मदत हवी आहे: जुना लॅपटॉप, रोजचा जेमतेम एक तास. यातले कोणते गेम चालू ठेवावेत आणि पुढे काय घ्यावं?

निवांत_गडी

नमस्कार मंडळी. रात्री जेवणं उरकल्यावर तासभर मिळतो, पण तो सलग मिळेलच असं नाही. मध्येच उठावं लागतं. लॅपटॉप इंटेल आय-फाइव्ह ८२५०यू, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही (यूएचडी ६२०), रॅम ८ जीबी, एसएसडीवर ६० जीबी जागा. कीबोर्डवरच खेळतो.

आतापर्यंतच्या गेमांबद्दल थोडक्यात मत देतो, म्हणजे आवड कळेल.

पोर्टल २: पूर्ण केला. प्रत्येक खोली एक नवी युक्ती शिकवते आणि पुढची खोली तीच युक्ती उलटी करून विचारते. कुठे खोट काढावी असं काही सापडलं नाही.

स्टारड्यू व्हॅली: जीव लावणारा. पण पहिल्या वसंतात दुपारपर्यंतच शक्ती संपते आणि हातात पैसा उभा राहत नाही.

हॉलो नाइट: चित्रं आणि संगीत अप्रतिम. पण वाट कळत नाही, आणि मेल्यावर साठवलेले जिओ (त्या गेममधले पैसे) जातात.

सेलेस्ट: तिसऱ्या प्रकरणातल्या हॉटेलात अडलंय. तिरका डॅश (हवेतली झेप) मारायला जावं तर पुष्कळदा तो सरळच जातो.

स्ले द स्पायर: पत्त्यांचा गेम, आयर्नक्लॅड हा योद्धा घेऊन खेळतोय. बचावाचे पत्ते भरपूर घेतले तरी पहिल्या अंकातला ग्रेमलिन नॉब हा शत्रू दर वेळी डाव संपवतो.

यातलं काय सोडावं, काय धरावं? आणि हेडीस, एज ऑफ एम्पायर्स २ आणि एल्डन रिंग या मशीनवर चालतील का?

टिपकागद

मध्येच उठावं लागत असेल तर गेम कसा आहे याआधी एक गोष्ट बघा: तो कुठे थांबू देतो. तुमच्या यादीत यावरूनच बरंच ठरतं.

स्ले द स्पायर लढाईच्या मध्यात बंद केला तर तीच लढाई पहिल्यापासून सुरू होते, म्हणजे फार तर पाच-दहा मिनिटांचं नुकसान. हेडीसमध्ये तुम्ही ज्या खोलीत आहात तिच्या दारापासून पुन्हा सुरुवात. हॉलो नाइट बंद केला की जिथे शेवटचं बसलात त्या बाकावर (सेव्हच्या जागी) परत जाता, पण मिळवलेलं सगळं टिकतं. स्टारड्यू मात्र फक्त झोपल्यावर सेव्ह होतो, आणि त्यातला एक दिवस साधारण १४ मिनिटांचा असतो. तासाभरात चार दिवस बसतात. उठायची शक्यता असेल तर पाचवा दिवस सुरू करू नका. एल्डन रिंगमध्ये सरळ पॉज नाही. तुमच्या वेळेला तो गेम सोयीचा नाही, आणि त्याला किमान १२ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६० दर्जाचं कार्ड लागतं. तो विषय इथेच सोडा.

आता नॉब. अडचण तुमच्या बचावातच आहे. पहिल्या फेरीत तो ओरडतो, आणि तिथून पुढे तुम्ही खेळलेल्या प्रत्येक स्किल पत्त्यामागे त्याची ताकद २ ने वाढते. डिफेंड हा स्किल पत्ता आहे. दोन डिफेंड टाकून तुम्ही १० ची ढाल मिळवता आणि त्याचा उरलेल्या लढाईतला प्रत्येक घाव ४ ने वाढवून देता. त्याच्याशी मारामारीच करायची. पहिल्या फेरीत बॅश हा हल्ल्याचा पत्ता टाकून त्याला व्हल्नरेबल करा, म्हणजे त्याला ५०% जास्त मार बसतो. नंतर हातात येतील ते हल्ल्याचे पत्ते. त्याची तब्येत ८२ ते ८६ असते, चार फेऱ्यांत तो संपायला हवा. बाटली राखून ठेवली असेल तर ती इथेच वापरायची.

याची तयारी आधीपासून करावी लागते. नॉबसारखे एलिट, म्हणजे तगडे, शत्रू सहाव्या मजल्याच्या आधी येत नाहीत. तोवरच्या तीन-चार लढायांत बक्षीस म्हणून जड मार देणारे दोन-तीन पत्ते घ्या. नंतर मात्र हात आखडता घ्या. प्रत्येक लढाईनंतर पत्ता घेतलाच पाहिजे असं नाही. १० पत्त्यांचा डेक (आपला संच) ३० चा झाला की चांगला पत्ता हाताला लागतच नाही. दुकानात ७५ सोन्यात एक पत्ता काढून टाकता येतो (दर वेळी २५ ने महागतो), तिथे स्ट्राइक हे साधे हल्ल्याचे पत्ते काढा. नकाशावर वाट निवडताना एलिटच्या आधी शेकोटी येईल असं बघा. तब्येत बरी असेल तर शेकोटीवर झोपण्याऐवजी बॅश सुधारा.

चौथा_गिअर

हार्डवेअरबद्दल. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी, तिथे किती स्लॉट वापरलेत ते दिसतं. ‘१ ऑफ २’ असेल तर तुमची खरी अडचण तिथे आहे. यूएचडी ६२० ला स्वतःची मेमरी नाही, ते लॅपटॉपच्याच रॅममधून काम भागवतं. रॅमच्या एकाच स्टिकवर (पट्टीवर) तो रस्ता अरुंद असतो. तशीच दुसरी ८ जीबी स्टिक टाकली की दुहेरी चॅनल सुरू होतो, म्हणजे रस्ता दुप्पट रुंद, आणि अंगच्या ग्राफिक्सला याचा जितका फायदा होतो तितका दुसऱ्या कुठल्याच खर्चाचा होत नाही. डीडीआर४, २४००, लॅपटॉपची लहान स्टिक मागा. या प्रोसेसरला त्याहून वेगवान घेऊन उपयोग नाही, ती २४०० वरच चालेल. खरेदीआधी दुसरा स्लॉट खरोखर आहे याची खात्री करा. काही पातळ मॉडेल्समध्ये रॅम बोर्डलाच डकवलेली असते.

फुकटातलं: रिझोल्यूशन १९२०×१०८० वरून १२८०×७२० करा. पिक्सेल निम्म्याहून कमी होतात. ब्राउझर पूर्ण बंद. चार्जर लावूनच खेळा. हा प्रोसेसर १५ वॅटचा आहे. सुरुवातीला जोरात धावतो आणि दहा-पंधरा मिनिटांत तापून वेग खाली आणतो. म्हणून आधी छान चाललेला गेम नंतर अडखळतो. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) ३० किंवा ४० वर बांधून ठेवले तर तो शेवटपर्यंत एकसारखा चालतो. गादीवर किंवा उशीवर ठेवून खेळू नका, खालची जाळी बंद होते. मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवा.

हेडीस ७२०पी ला (म्हणजे १२८०×७२० वर) खेळण्याजोगा चालेल. एज ऑफ एम्पायर्स २ ची डेफिनिटिव्ह आवृत्ती चालेल, फक्त मोठ्या चित्रांचा जो वेगळा ग्राफिक्स पॅक असतो तो उतरवू नका, जागाही वाचेल. ऑनलाइन रँक्ड (क्रमवारीचे सामने) खेळायचं असेल तर गेम आधी मशीनची बेंचमार्क चाचणी घेतो आणि १००० गुण मागतो. एकट्याने खेळायला ती अट नाही.

गावठी_तूप

स्टारड्यूच्या पहिल्या वसंताचं लिहितो.

शक्ती २७० असते. सुरुवातीला एक चौकोन खणायला २, एक रोप शिंपायला २. म्हणजे ४० रोपं लावली की रोजचे ८० नुसत्या पाण्यात. यापेक्षा जास्त लावलं की दुपार संपायच्या आत थकवा येणारच. आपोआप पाणी घालणारे स्प्रिंकलर होईतो ३०-४० पुरे. पार्स्निपचं बी २० ला, चार दिवसांत ३५ ला विकतं. बटाटा ५० ला, सहा दिवसांत ८० ला, आणि कधीकधी एका झाडाला जास्तीचा बटाटा निघतो. गावातल्या पिअरचं बियाण्यांचं दुकान बुधवारी बंद असतं, ते धरून बी घ्या. १५ ते १८ तारखेला झुडपांवर सॅमनबेरी येते. दिसेल ते झुडूप हलवा, एका फळाने २५ शक्ती येते, पुढचे दिवस त्यावर निघतात.

सगळ्यात महत्त्वाचं १३ तारखेचं. एग फेस्टिव्हलला स्ट्रॉबेरीचं बी १०० ला मिळतं. ते त्याच दिवशी लावलं तर २१ आणि २५ ला, अशी दोन पिकं हाती येतात, एकेक फळ १२० ला. १४ ला लावलं तरी दोन मिळतात, पण १७ पासून एकच, आणि २८ ला ऋतू संपला की झाडं मरतात. जत्रेतून परतल्यावर घड्याळात रात्रीचे १० वाजलेले असतात. म्हणून १३ च्या सकाळीच, जत्रेला जाण्याआधी, जमीन खणून पाणी घालून ठेवायची. रात्री फक्त बी टाकायचं. पाणी त्या दिवसाचं धरलं जातं.

झारी सुधारायला लोहाराकडे दिली की दोन दिवस जाते. उद्या पाऊस असं टीव्हीवर दिसलं की आजचं शिंपण उरकून द्यायची.

निवांत_गडी

टास्क मॅनेजरमध्ये ‘१ ऑफ २’ च दिसतंय. स्टिक बघतो. सर्वांचे मनापासून आभार. सेलेस्ट आणि हॉलो नाइटबद्दल कुणी सांगेल का?

डावी_कळ

तिरका डॅश सरळ जातो, यात तुमचा नेम चुकत नाहीये, कीबोर्ड एक कळ गाळतोय. बऱ्याच लॅपटॉपच्या कीबोर्डना ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या की तिसरी कळत नाही. तपासायला नोटपॅड नको, गेममध्येच वर आणि डावा बाण धरून एक्स दाबा, मग वर आणि उजवा बाण. एकीकडे जमलं आणि दुसरीकडे नाही तर हेच कारण. सेटिंगमध्ये डॅश दुसऱ्या ओळीतल्या कळेवर, एस किंवा डी वर, हलवून बघा. बाणांऐवजी दुसरा गट घेऊनही सुटतं. कंट्रोलर घेणार असाल तर वायरवाला घ्या आणि सेलेस्टला अंगठ्याने फिरवायच्या काठीऐवजी अधिक-चिन्हाची बटणं वापरा, आठ दिशा त्यावर नेमक्या लागतात.

चढताना दम का संपतो तेही बघा. भिंत धरून सरळ वर उडी मारली की एकूण दमाचा पाव हिस्सा एका उडीत जातो. आणि कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी लागते, त्यामुळे लांब उड्या अगदी टोकाला जाऊन घ्या.

तरीही हॉटेलात अडलंच तर असिस्ट मोडमध्ये (गेम सोपा करायच्या सेटिंगमध्ये) वेग ८० किंवा ९० टक्क्यांवर आणा. फक्त वेग, बाकी काही नको. हात सरावला की पुन्हा १००.

टिपकागद

वेगाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सेलेस्टमध्ये हाताला ताल लागतो, आणि वेग बदलला की तो ताल बदलतो. त्यापेक्षा असिस्ट मोडमधली एकच सोय, दम न संपण्याची, ठेवावी. हेडीसमध्येही तसाच गॉड मोड आहे, तो मात्र बिनदिक्कत लावा. सुरुवातीला २०% मार कमी बसतो आणि प्रत्येक मरणाला २ टक्क्यांची भर, ८० पर्यंत. गोष्ट पुढे सरकत राहते आणि त्या गेमचं खरं बळ गोष्टीतच आहे.

डावी_कळ

तेही पटतं. दोन्ही करून बघा.

हॉलो नाइट: नकाशा विकत घेतला तरी तो आपोआप भरत नाही. डर्टमाउथमधल्या इझेल्डाकडून क्विल (लिहायचं पीस) घ्या, १२० जिओ. मग बाकावर बसलात की फिरलेला भाग नकाशात उतरतो. दुसरी खरेदी वेवर्ड कंपास, २२०. आपण कुठे आहोत ते त्याशिवाय दिसत नाही. नकाशे विकणारा कॉर्निफर जवळ असेल तर जमिनीवर कागद पडलेले दिसतात आणि गुणगुणणं ऐकू येतं, त्या दिशेने जा. क्रम: ग्रीनपाथ, तिथली हॉर्नेट ही बॉस, तिच्यानंतर डॅशचा झगा, मग फंगल वेस्ट्समधून मँटिस व्हिलेज आणि भिंतीवर चढायचा पंजा. पंजा मिळाला की नकाशा खऱ्या अर्थाने उघडतो.

जिओ मरणात जात नाहीत, मेलात तिथे उरलेल्या तुमच्या सावलीजवळ राहतात. सावली मारण्याआधी पुन्हा मेलात तरच जातात. म्हणून बॉसच्या दारात जाण्याआधी गावात येऊन खर्च करा.

गावठी_तूप

पुढे काय घ्यावं, यावर माझी थोडक्यात मतं. इन्टू द ब्रीच: पहिल्या क्रमांकावर. ८×८ चा पट, शत्रू पुढच्या चालीत काय करणार ते आधीच दिसतं, चार बेटांपैकी दोन झाली की शेवटची लढाई खुली. एक लढाई दहा मिनिटांची. जिंकण्यापेक्षा इमारती वाचवणं महत्त्वाचं. शत्रू मारता येत नसेल तर त्याला ढकलून त्याचा वार त्याच्याच साथीदारावर पाडा. रिटर्न ऑफ द ओब्रा डिन: पोर्टल आवडला असेल तर नक्की. जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते शोधायचं, आणि तीन उत्तरं बरोबर आली की गेम पक्की करतो. चेहरा धूसर असेल तोवर अंदाज लावू नका, पुरेशी माहिती मिळालेली नसते. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स: स्वस्त, डाव अर्ध्या तासाचा. शेवटच्या दहा मिनिटांत मशीन दमेल, तेव्हा मार दाखवणारे आकडे सेटिंगमधून बंद ठेवा.

निवांत_गडी

पुण्यात बनलेला राजी हा गेम घ्यावा का?

चौथा_गिअर

नॉडिंग हेड्सचा, २०२० चा. पहाडी चित्रशैलीची छाप असलेले महाल आणि भिंतीचित्रांतून सांगितलेल्या कथा यासाठी घ्यावाच. लढाया पुढे पुढे सारख्या वाटतात आणि शेवट अचानक येतो, हेही खरं. खांबावर फिरून वार करणं आणि भिंतीवर पाय देऊन उलटी उडी या दोन चाली पहिल्या अर्ध्या तासात हातात बसवा, त्रिशुळाची खरी मजा त्यात आहे. फक्त तो अनरील इंजिनवर (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर) आहे, यूएचडी ६२० वर जड जाण्याची शक्यता जास्त. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घ्या: खरेदीपासून १४ दिवसांत आणि खेळलेला वेळ दोन तासांखाली असेल तर पैसे परत मिळतात. सेटिंगच्या पानावर घालवलेला वेळही त्यात मोजला जातो. म्हणून आधी ७२०पी आणि सगळं लो करून ठेवा, पहिली मोठी लढाई येईपर्यंत खेळा, तिथे एफपीएस २५ च्या खाली गेले तर लगेच परत करा. रॅमची स्टिक आधी टाकणार असाल तर राजी त्यानंतरच घ्या.