अनुभव धागा: बटण दाबताना पोट आठवतं की जात?

तात्या सातपूरकर

४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला. नाशकात राजाभाऊ वाजे आले, दिंडोरीत केंद्रात मंत्री असलेल्या भारती पवार पडल्या. आमच्या टपरीवर एका वाक्यात विषय संपला: "कांद्याने पाडलं." त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला विधानसभेच्या निकालात जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीला गेल्या, तर तेच लोक त्याच टपरीवर म्हणाले, "सगळं जातीधर्मावर गेलं." सहा महिन्यांत पोट गेलं आणि जात आली? मला पटेना.

म्हणून हा धागा. पक्षाची जाहिरात नको, शेजाऱ्याचं मत नको. स्वतःचं सांगा. सुरुवात मी करतो, आणि ती काही मिरवण्यासारखी नाही.

सातपूरला एका कारखान्यात लेथवर होतो, परमनंट. पुढे हेल्पर, पॅकिंग, लोडिंग सगळं ठेक्यावर गेलं. माझा धाकटा भाऊ त्या ठेक्यात. दर सात महिन्यांनी त्याला ब्रेक. (परमनंटचा हक्क सांगू नये म्हणून २४० दिवस भरू द्यायचे नाहीत, हा हिशेब एमआयडीसीत शेंबड्या पोरालाही ठाऊक.) एकदा ब्रेक संपवून गेटवर गेला तर त्याच्या जागी जौनपूरची दोन पोरं. बारा तास ड्युटी, ओव्हरटाइमचं नाव नाही, राहायला शेडमागची खोली. भाऊ घरी आला आणि भरलेला डबा तसाच ओट्यावर ठेवला. वहिनीने संध्याकाळी तो उघडून भाजी गरम केली, कोणी काही बोललं नाही.

त्या डब्याचा राग मी पाच वर्षं सांभाळला. २००८ च्या फेब्रुवारीत मनसेच्या परप्रांतीयांविरुद्धच्या आंदोलनात उत्तर भारतीय कामगार गठुडी घेऊन नाशिकरोड स्टेशनावर बसले होते, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. २०१२ ला महापालिकेत इंजिन दाबलं. मनसेच्या ४० जागा आल्या, महापौर त्यांचा झाला. त्यात एक मत माझं.

आता गंमत ऐका. ती पोरं आणणारा ठेकेदार आमच्याच गावचा, सिन्नर तालुक्यातला, लांबून नात्यातही लागतो. त्याचा मला एक दिवस राग आला नाही. त्याच्या पोरीच्या लग्नात आहेर केला मी.

खळ्यावरचा

लासलगाव. कांद्याच्या खळ्यावर हमाली. शेतकऱ्याचं सगळे लिहितात, हमालाचं कोण लिहिणार, म्हणून लिहितो.

८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली आणि लिलाव बंद पडले. शेतकऱ्याला भाव असतो, तो पडला की टीव्हीवाले येतात. आम्हाला भाव नाही, गोणी. गोणी नाही तर मजुरी नाही. आमची अकरा जणांची टोळी ट्रकची वाट बघत पत्ते कुटत बसायची. कांदा निवडणाऱ्या बाया तर द्राक्षाच्या कामाला पांगल्या. मुकादमाने उचल दिली, ती फेडता फेडता उन्हाळा आला. टोळीत मराठा, माळी, वंजारी, दोन भिल्ल, एक मुसलमान. २० मे ला एका पिकअपमधून गेलो आणि ठरवून एकच बटण दाबलं. ते पोटाने, यात शंका नाही.

नोव्हेंबरात टोळी तीच, मुकादम तोच. पण आमचं लासलगाव येतं येवला मतदारसंघात, म्हणजे भुजबळांच्या. जरांगे-भुजबळ हे मराठा-ओबीसी आरक्षणाचं वर्षभर वर चाललेलं भांडण खळ्यात उतरलं. गोणी दोघांनी धरायची असते. एकाने "हं" म्हटलं की दुसऱ्याने उचलायचं. मी माळी, माझा जोडीदार मराठा. पंधरा दिवस आम्ही "हं" सोडून एकमेकांशी बोललो नाही. भुजबळ निवडून आले. दोन दिवसांनी त्यानेच तंबाखू मागितली.

पण एक सांगतो. माझी पोरगी पोलीस भरतीचं करतेय, त्याचा पोरगाही. पहाटे एकाच मैदानावर पळतात. कोणत्या कोट्यात कोण घुसणार, हे भांडण जातीचं का पोटाचं? मला तर अजून सांगता येत नाही.

पिंपळगावकर

आमच्या आईने ना पोटाला दिलं ना जातीला. तिने तुतारीला दिलं. दिंडोरीत भारती पवारांना पाडणाऱ्या भगरे सरांची खूण होती तुतारी वाजवणारा माणूस, आणि त्याच यादीत दुसरे एक बाबू भगरे नुसती तुतारी घेऊन उभे. त्यांना एक लाखावर मतं पडली! आई अजून म्हणते, "मी बरोबरच दाबलं." जाणकारांनी याही लाखाचं विश्लेषण करावं.

फुलेनगरची

आई पंचवटीत चार घरची धुणीभांडी करते. आम्ही बौद्ध. काळारामाच्या दारात १९३० ला काय झालं, हे आमच्याकडे शाळेच्या आधी घरात शिकवतात. मे महिन्यात "चारशे पार"चं बोलणं सुरू झालं तेव्हा आई म्हणाली, "पैशाचं मागून बघू, आधी बाबासाहेबांची घटना राहू दे." नोव्हेंबरच्या आत तिच्या खात्यात लाडक्या बहिणीचे पाच हप्ते पडले, साडेसात हजार. तिने मिक्सर घेतला. आयुष्यात पहिल्यांदा पप्पांना न विचारता घेतलेली वस्तू. त्याचं खोकं अजून कपाटावर आहे, फेकू देत नाही. मत तिने कुणाला दिलं ते मी विचारलं नाही, पण मिक्सर बघून अंदाज येतो.

ती ज्यांच्याकडे काम करते त्या बाई म्हणाल्या, "तुमचं बरंय गं, दीड हजारात काम झालं." त्याच बाईंच्या डायनिंग टेबलावर त्यांच्या ज्ञातीच्या मंडळाचं पत्रक पडलेलं, 'आपल्या समाजाच्या उमेदवारालाच'. आईने ते उचलून खालून टेबल पुसलं.

तात्या, राग नको, पण बंगल्यातल्या लोकांना विचारतो का कोणी असे धागे काढून?

तात्या सातपूरकर

नाही विचारत. चुकलं माझं. त्यांनीही लिहा.

भैयाचा मुलगा, अंबड

जौनपूर वाचलं आणि तात्यांचं पुढचं दोनदा वाचलं. तुमच्या भावाच्या जागी आलेले माझे पप्पा नसतील, पण त्यांच्यासारखंच कोणीतरी असणार. २००८ ला मी सात वर्षांचा. दोन रात्री खोलीत दिवा न लावता बसलो, मग नाशिकरोडहून गाडी, संडासाशेजारी उभ्याने. दीड महिन्याने मराठी शेठचा फोन आला, मशीन बंद पडलंय, ये. पप्पा आले. मी मनपाच्या मराठी शाळेत शिकलो, म्हणून इथे लिहू शकतोय.

आता पप्पांचं नाव इथल्या यादीत आहे. मागच्या वर्षी शेजारच्या खोलीत बंगाली बोलणारी चार पोरं आली, पप्पांपेक्षा निम्म्या पगारावर. त्यातला एक मालदाचा. त्याचा मोबाइल फुटला होता, तर रोज रात्री पप्पांच्या फोनवरून आईशी बोलायचा. त्याच पप्पांनी प्रचारात टाळ्या वाजवल्या, "ये सब बांगलादेशी हैं, भगाओ." मी म्हटलं, पप्पा, तो आपल्या फोनवर बोलतो. म्हणाले, "वो अलग है." 'एक हैं तो सेफ हैं' ऐकून खूश होते. २००८ ला ते त्या 'एक'मध्ये नव्हते, आता आहेत, एवढं मला कळलं.

लूमवाला

मालेगाव मध्यमध्ये पहिले दोघंही मुसलमान. मुफ्ती इस्माईल १६२ मतांनी आले. धर्म दोन्हीकडून वजा झाला, मग काय उरलं? आमच्या लूमवर बारा तास वाद चालायचा वीजबिलावर, गटारीवर आणि कुणाच्या लग्नात कोण आलं नाही यावर. बाहेरचे मात्र म्हणतात, तुमच्याकडे फतव्यावर मतदान होतं.

खळ्यावरचा

तात्या, २०१२ चं सांगितलं, पण २०२४ च्या नोव्हेंबरचं खाऊन टाकलं.

तात्या सातपूरकर

पकडलंत. त्या ठेकेदाराचा मुलगा प्रचाराला घरी आला होता. पाया पडला. भाऊही बसलेला होता, त्याच्याही पडला. सुनबाईने चहा केला. तो ज्याच्यासाठी आला होता त्यालाच आम्ही दोघांनी दिलं. गावचं पोर दारात आलं होतं.