चिकणमातीवर फूटिंग रुंद केले तरी धारणक्षमता का वाढत नाही?

प्रश्न
मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. फाउंडेशन इंजिनीअरिंगमधली गणिते मला टेरझागींच्या धारणक्षमतेच्या सूत्राने (धारणक्षमता म्हणजे माती ढासळण्याआधी पेलू शकते तो दाब) सोडवता येतात, पण आलेल्या उत्तराचा अर्थ लागत नाही. काल घर्षणकोन (मातीच्या कणांमधल्या घर्षणाचे माप) शून्य असलेल्या चिकणमातीवरील चौरस फूटिंगची (खांबाखालच्या रुंद पायाची) बाजू मी २ मीटरऐवजी ४ मीटर घेतली, तरी प्रति चौरस मीटर अंतिम धारणक्षमता जशीच्या तशी राहिली. वाळूसाठी मात्र ती वाढली. माझे काही चुकते आहे का? आणि चुकत नसेल, तर चिकणमातीवर फूटिंग मोठे करून काय साधते?

प्रतिसाद १
तुमचे गणित बरोबर आहे. टेरझागींनी १९४३ मध्ये मांडलेल्या सूत्रात रुंदी फक्त तिसऱ्या पदात येते आणि घर्षणकोन शून्य असला की त्या पदाचा गुणांकच शून्य होतो. मात्र हे नुसते पाठ करू नका, त्यामागे माती काय करते ते पाहा. फूटिंग रुंद झाले की माती ज्या पृष्ठावरून घसरते ते पृष्ठ अधिक खोल जाते. वाळूत त्या खोलीवर वरच्या मातीचे वजन जास्त असल्याने घर्षणही जास्त मिळते. संपृक्त (छिद्रे पाण्याने पूर्ण भरलेल्या) चिकणमातीवर भार झपाट्याने चढला, तर पाण्याला निसटायला वेळच मिळत नाही. वाढलेला दाब छिद्रांतले पाणी पेलते, कणांमधला परिणामी दाब (कण एकमेकांवर टेकून पेलतात तो) वाढत नाही आणि म्हणून ताकदही वाढत नाही. फूटिंग मोठे केल्याने क्षेत्रफळ चौपट होते, त्यामुळे एकूण भार चौपट पेलता येतो, एवढाच लाभ आहे.

प्रतिसाद २
वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण परीक्षेत आणि प्रत्यक्ष कामातही विद्यार्थी अडखळतात ते याच्या पुढच्या पायरीवर, म्हणजे पाया खचण्याच्या प्रश्नावर. समजा, फूटिंगच्या तळाखाली ३ मीटरवर मऊ चिकणमातीचा थर आहे आणि तळावरचा दाब दोन्ही वेळा १०० किलोपास्कलच आहे. दोनास एक उताराने (दर दोन मीटर खोलीमागे प्रत्येक बाजूस एक मीटर) दाब पसरतो असे धरले, तर २ मीटरच्या फूटिंगमुळे त्या थरावर १६ किलोपास्कल येतात आणि ४ मीटरच्या फूटिंगमुळे सुमारे ३३. म्हणजे तेवढ्याच दाबाने मोठे फूटिंग त्या थराला दुप्पट दाबते. ३० सेंटिमीटरच्या प्लेटवर घेतलेल्या लोड टेस्टला (प्लेटवर भार ठेवून माती किती दबते ते पाहण्याच्या चाचणीला) हा थर मुळीच जाणवत नाही, कारण लहान प्लेटचा दाब तिथवर जवळपास पोहोचतच नाही.

कॅनडातील ट्रान्सकोना येथील धान्यकोठार मला या संदर्भात नेहमी आठवते. सुमारे साडेतेवीस मीटर रुंदीच्या राफ्टवर (संपूर्ण इमारतीखालच्या सलग काँक्रीटच्या पायावर) उभे असलेले हे कोठार ऑक्टोबर १९१३ मध्ये, पहिल्यांदाच धान्य भरले जात असताना, एका बाजूला जवळपास २७ अंशांनी कलले. खणलेल्या तळावर आधी लोड टेस्ट झाली होती, पण खालची मऊ माती तिच्या आवाक्यात नव्हती. कोठाराचा सांगाडा इतका मजबूत होता की पुढे ते सरळ करून पुन्हा वापरात आणले गेले.

प्रश्नकर्ता
आकडे स्वतः करून पाहिले, १६ आणि ३२.७ आले. मग बोअरहोल (माती तपासण्यासाठी घेतलेले छिद्र) किती खोल घ्यावा, हेही फूटिंगच्या रुंदीवरच ठरते का?

प्रतिसाद २
बऱ्याच अंशी, हो. चौरस फूटिंगखाली वाढीव दाब साधारण दुप्पट रुंदीइतक्या खोलीवर तळावरच्या दाबाच्या एक दशांशाच्या आसपास उतरतो, म्हणून निदान तिथवर जावे. तिथे मऊ थर लागला तर तो पार करून पुढे जावे. फूटिंगे जवळजवळ असतील तर त्यांचे दाब एकमेकांत मिसळतात, अशा वेळी संपूर्ण इमारतीची रुंदी धरावी. सूत्राला हात लावण्याआधी फूटिंग, थर आणि भूजलपातळी यांचा छेद प्रमाणात काढा. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक चुका तो छेद न काढल्यामुळेच होतात.