अनुभव धागा : जुनी सेडान आणि ब्रेकचे दुखणे – आधी काय बदलले, आणि दोष निघाला कुठे?

दोन वर्षांपूर्वी मी पुण्यात एक सात वर्षांची, ७८,००० किलोमीटर चाललेली मध्यम आकाराची पेट्रोल सेडान घेतली. इंजिन, क्लच, एसी सगळे नीट पाहून घेतले. ब्रेक मात्र आवारात दोनदा दाबून पाहिले आणि लागतात म्हटल्यावर विषय संपवला. पुढच्या वर्षभरात त्या विषयाने माझे सुमारे १९,००० रुपये खाल्ले, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक चुकीच्या जागी गेले. म्हणून हा धागा काढत आहे. आपला अनुभव लिहिताना पेडल पायाला कसे लागत होते, आधी काय बदलले आणि खरा दोष कुठे सापडला, एवढे कृपया अवश्य लिहावे. गॅरेजचे किंवा विक्रेत्याचे नाव नको.

सुरुवात माझ्यापासून करतो. ताशी ८० च्या वेगात ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरायचे. आधी पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारे तुकडे, बदलले. काही फरक पडला नाही. मग डिस्क लेथवर फिरवून, म्हणजे पृष्ठभाग कातून सपाट करून, घेतल्या, तेव्हा चार महिने सुख होते आणि नंतर थरथर परत आली. पुन्हा लेथ, पुन्हा चार महिने. शेवटी एका वयस्क मिस्त्रींनी चाक आणि डिस्क उतरवून हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचा, चेहरा दाखवला. ज्या सपाट भागावर डिस्क टेकते तिथे गंजाचे पापुद्रे धरले होते, नखाने खरवडले तर निघतील असे. त्यामुळे डिस्क किंचित तिरकी बसत होती. डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे साधन) लावल्यावर फिरत्या डिस्कची कड मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी हलताना दिसली. ऐकायला हे काहीच नाही. पण अशी डिस्क ब्रेक लावलेला नसतानाही दर फेऱ्याला एकाच ठिकाणी पॅडला घासते, त्या जागी झिजून पातळ होते, आणि दोन-तीन हजार किलोमीटरनंतर जाडीतला तो फरक स्टिअरिंगला जाणवू लागतो. डिस्क 'वाकली' असे आपण सर्रास म्हणतो, पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, असमान झिजलेली असते. तोवर दोनदा लेथवर गेलेल्या डिस्कची जाडी तिच्याच कडेवर कोरलेल्या किमान आकड्याखाली उतरली होती, त्यामुळे नव्या डिस्क घ्याव्या लागल्या. हब तारेच्या ब्रशने घासण्याचे मिस्त्रींनी वेगळे पैसे घेतले नाहीत. चाकाचे नट हवेच्या गनने एका दमात न आवळता हाताने, समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे, ही ताकीद मात्र त्यांनी दोनदा दिली.

कोल्हापूरहून

आमची गाडी नऊ वर्षांची, एका मालकाची. मागच्या मे महिन्यात आंबा घाटातून साखरप्याकडे उतरत होतो. पाच माणसे, डिकी भरलेली, आणि मी चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतो. ही चूक माझीच. अर्ध्या घाटात पेडल मऊ झाले आणि पुढच्या वळणाला जवळजवळ तळाला गेले. हँडब्रेक थोडा थोडा ओढत, दुसरा गिअर टाकून गाडी डोंगराच्या बाजूला चरात घेतली. पत्नी त्यानंतर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पाऊण तासाने पेडल पुन्हा पहिल्यासारखे कडक झाले, तेव्हा तर मला अधिकच भीती वाटली. कारण आता गॅरेजमध्ये दाखवायला दोषच शिल्लक नव्हता.

पहिल्या गॅरेजने अपेक्षेप्रमाणे पॅड बदलले. दुसऱ्या ठिकाणी डबीतले ब्रेक ऑइल, म्हणजे पायाचा जोर चाकांपर्यंत नेणारा द्रव, काचेच्या ग्लासात काढून दाखवले. त्याचा रंग उकळलेल्या चहासारखा होता. ते नऊ वर्षांत एकदाही बदललेले नव्हते. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर तो १५५ अंश उरला तरी ते प्रमाणात बसते, आणि डॉट ३ चे हेच आकडे २०५ व १४० आहेत. घाटात कॅलिपरजवळ (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाजवळ) त्याहून अधिक उष्णता झाली की ऑइलमध्ये वाफ धरते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, म्हणून पाय खाली जातो आणि ब्रेक लागत नाही. गाडी थंड झाली की वाफ विरते आणि पुरावाही जातो.

एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. पॅड अति तापून निकामी झाले तर पेडल कडकच राहते, फक्त गाडी थांबत नाही. ऑइल उकळले तर पेडलच मऊ पडते. नवे ऑइल भरून नळ्यांतली हवा काढण्याचा खर्च ९०० रुपये आला. आता दर दोन वर्षांनी बदलतो, गाडी चालो वा न चालो.

रत्नागिरीहून

आमच्याकडे पावसाळ्यात गाडी तीन आठवडे अंगणात उभी राहिली आणि हँडब्रेक ओढलेला होता. मागच्या ब्रेकचे शू (आतून दाबणारे कमानदार तुकडे) ड्रमला (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला) गंजाने असे चिकटले की गाडी हलवताना 'खाड्' असा आवाज आला आणि एका शूचे लायनर (घासणारा थर) पत्र्यापासून सुटून ड्रममध्ये पडले. शिवाय हँडब्रेकची केबल आवरणात गंजून अडकली होती, त्यामुळे दांडा खाली केला तरी ब्रेक पुरता सुटत नव्हता. शू, केबल आणि मजुरी मिळून ४,२०० रुपये गेले. आता सपाट जागी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवतो, चाकाला दगड लावतो आणि हँडब्रेक सोडून देतो. किनाऱ्यावरची जुनी गाडी घेणाऱ्याने मागचे ड्रम उघडून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये, असे माझे ठाम मत आहे.

नागपूरहून

माझा प्रश्न अजून सुटलेला नाही, तरी लिहितो. गाडी चालू असताना ब्रेक उत्तम लागतो. सिग्नलला पाय ठेवून उभा राहिलो की पेडल हळूहळू, अगदी लिफ्ट उतरावी तसे, खाली जाते. डबीतले ऑइल तसूभरही कमी होत नाही, चाकाजवळ ओल नाही. दोनदा हवा काढून झाली. दुसऱ्या वेळेनंतर दुखणे वाढले असे वाटते, पण गॅरेजवाले तो माझा भास असल्याचे सांगतात.

नाशिकहून

मी तीस वर्षे वर्कशॉपमध्ये काढली, म्हणून नागपूरच्या सदस्यांना एक चाचणी सुचवतो. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागातला) व्हॅक्युम संपेल. मग पाय हलकाच, एकसारखा एक मिनिट ठेवावा. जोर लावू नये. जोराने मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या मुख्य पंपाच्या) आतल्या रबरी सीलची ओठासारखी कड भिंतीला घट्ट बसते आणि दोष लपतो. हलक्या दाबाखाली पेडल सरकू लागले तर ऑइल बाहेर गळत नाही, मास्टर सिलिंडरच्या आतच एका बाजूकडून दुसरीकडे जाते आहे असे समजावे.

हवा काढल्यानंतर दुखणे वाढले हा आपला भास नसावा. रोजच्या वापरात सिलिंडरचा दट्ट्या निम्मेच अंतर जातो. पुढच्या भागात वर्षानुवर्षे पाणी व गाळ बसून बोअर, म्हणजे आतली भिंत, खरबरीत होतो. हवा काढताना मदतनीस पेडल पार तळापर्यंत दाबतो, तेव्हा सील त्या खरबरीत भागावरून फिरते आणि फाटते. जुन्या गाडीत म्हणून मी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून हवा काढत असे. नव्या मुलांना ते हास्यास्पद वाटायचे.

छत्रपती संभाजीनगरहून

गाडी डावीकडे ओढत होती आणि ॲव्हरेज पडले होते. अलाइनमेंट केले, टायर आलटून पालटून लावले. मग एके दिवशी वीस किलोमीटर चालवून उतरल्यावर जळका वास आला. पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेववत नव्हता, रिमवर पाणी शिंपडले तर चुर्र झाले. कॅलिपर जाम आहे म्हणून नवे कॅलिपर बसवायचे ठरलेच होते. पण फिटरने आधी चाक उचलून, ब्रेक दाबून सोडला आणि जड झालेले चाक दाखवले. मग कॅलिपरवरचे हवा काढायचे निपल जरासे सैल केले. ऑइलची एक चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे फिरू लागले. म्हणजे दाब आत कोंडलेला होता, कॅलिपर निर्दोष होते. नंतर रबरी ब्रेक पाइप कापून पाहिला, तर आतला थर फुगून त्याची झडप झाली होती. पायाच्या जोराने ऑइल पुढे जाई, परत मात्र येत नसे. पाइपचे ६५० रुपये झाले, कॅलिपरचे साडेपाच हजार वाचले.

निपल सैल करूनही चाक जडच राहिले असते तर दोष कॅलिपरच्या पिस्टनचा किंवा कॅलिपर ज्यांवर सरकते त्या पिनांचा ठरला असता. पिना अडकल्या की आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजतो आणि बाहेरचा जवळपास नवा राहतो. विकत घेताना हे चाक काढल्याशिवाय दिसत नाही. या पिनांना साधे ग्रीस लावू नये, रबर फुगते.

ठाण्याहून

रबर फुगण्यावरून आठवले. आमच्या गाडीत आधीच्या मालकाच्या ड्रायव्हरने ब्रेकच्या डबीत पॉवर स्टिअरिंगचे ऑइल भरले होते. आम्हाला ते कळले झाकणावरून: झाकणाखालचे रबर फुगून मोठे झाल्यामुळे झाकण परत बसेना. आठवडाभरात चारही ब्रेक आपोआप पकडू लागले. मास्टर सिलिंडर, चारही रबरी पाइप, कॅलिपर किट, व्हील सिलिंडर, जिथे जिथे रबर तिथे तिथे बदल. शिवाय धातूच्या नळ्या धुऊन काढणे वेगळे. एकूण २३,००० रुपये. पॅड मात्र नवे होते आणि विक्रेत्याने तेच कौतुकाने दाखवले होते.

साताऱ्याहून

आमची सेडान स्वस्त मिळाली होती. एबीएसचा (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा अधूनमधून लागे, आणि ताशी १० च्या आत वेग आला की पायाखाली पेडल थरारून गाडी हातभर पुढे सरके. पार्किंगमध्ये भिंतीला टेकली तेव्हा डोळे उघडले. चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बदलला, पंधरा दिवसांत दुसऱ्या चाकाचा गेला. मग इलेक्ट्रिशियनने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवला: शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची सरळ रेघ होती. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले, त्या पाण्यात ही गाडी उभी होती, असे नंतर विम्याच्या जुन्या कागदांवरून निघाले. वायरिंगच्या प्रत्येक जोडाच्या आत तांब्यावर हिरवा थर होता. चाकाचा वेग सांगणारा सिग्नल मध्येच तुटला की चाक अडकले असे संगणकाला वाटते आणि तो त्या चाकाचा ब्रेक सोडतो.

फक्त एबीएसचा पिवळा दिवा लागला तर साधा ब्रेक सहसा चालू राहतो. त्याच्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी पुढे नेऊ नये. मी सीटबेल्ट आता लग्नाला गेलो तरी लोकांच्या गाड्यांत ओढून पाहतो.

म्हापशाहून

थोडक्यात लिहिते. बटण दाबून सुरू होणारी गाडी एके सकाळी सुरूच होईना. बॅटरी बदलली. दोष ब्रेक दिव्याच्या स्विचचा होता. ब्रेक दाबल्याशिवाय ही गाडी सुरू होत नाही, आणि ब्रेक दाबला आहे हेच तिला कळत नव्हते; शिवाय कदाचित कित्येक दिवस मागचे दिवेही लागत नव्हते, जे मला कोणीही सांगितले नाही. स्विच ३५० रुपयांना आला.

अमेरिकेतल्या ओहायोहून

इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. अकरा वर्षांच्या सेडानची मागे जाणारी पोलादी ब्रेक नळी गंजून फुटली आणि पेडल निम्म्यापर्यंत गेले. ब्रेक ऑइलची दोन स्वतंत्र मंडले तिरकी जोडलेली असल्यामुळे एक पुढचे व एक मागचे चाक धरत राहिले आणि घरी पोहोचलो. नव्या नळ्या तांबे-निकेलच्या बसवल्या. त्या गंजत नाहीत. गाडीखाली टॉर्च घेऊन पडायला लाज वाटू नये.

पुण्याहून, दुसऱ्या सदस्य

आमच्या गाडीचे पेडल दगडासारखे कडक झाले होते. सासरे उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडत. इंजिन बंद म्हणजे नवा व्हॅक्युम नाही, दोन-तीन दाबांत बूस्टरमधला साठा संपतो, हे त्यांना मी वर्षभर सांगत होते. त्यामुळे दोष त्यांच्या सवयीवर ढकलून मोकळी झाले होते. पण इंजिन चालू असतानाही तसेच होऊ लागले. इंजिन बंद करून पेडल चार वेळा दाबायचे, दाबून धरायचे आणि मग इंजिन सुरू करायचे; बूस्टर ठीक असेल तर पेडल किंचित खाली जाते. आमचे हलले नाही. बूस्टरकडे जाणाऱ्या रबरी नळीला चेक व्हॉल्व्हच्या (हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेच्या) जोडाशी चीर निघाली. गॅरेजने १२,००० चा बूस्टर सांगितला होता, काम नळीवर भागले. सासऱ्यांची क्षमा मागितली. उतारावर इंजिन बंद करण्याची परवानगी मात्र दिलेली नाही.

नागपूरहून, पुन्हा

नाशिकच्या काकांनी सांगितलेली चाचणी केली. हलका पाय ठेवल्यावर चाळीस सेकंदांत पेडल तळाशी. मास्टर सिलिंडर उघडून घेतला. बोअरच्या पुढच्या भागात काळसर कडे होते, बोटाला पायरीसारखे लागणारे, आणि सीलच्या ओठावर त्याच रुंदीचा काप. नवा सिलिंडर ३,८०० रुपयांना बसला. हवा काढताना मी स्वतः पेडलखाली ठोकळा धरून बसलो होतो; मुलगा हसला, पण ठोकळा हलू दिला नाही.