पट्टीचे स्क्रू एकाच बाजूला

दारापाशी कार्पेट संपून टाइल सुरू होते, तिथल्या फटीत व्हाइट सिमेंट भरा, असं काही जण सुचवतात. ते मला पटत नाही. नांदेड-परभणीकडच्या काळ्या मातीवरचं घर असेल तर नकोच. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दाराच्या उंबऱ्यापाशी भरलेला कडक सांधा हमखास तडकतो.

फट झाकायला वरून अॅल्युमिनियमची पट्टीच बरी, पण स्क्रू फक्त कार्पेटच्या बाजूला, खालच्या सिमेंटच्या कोब्यात मारा. टाइलच्या कडेला ड्रिल लावलं की कपचा उडतो. टाइलच्या बाजूला पट्टीखाली सिलिकॉनची बारीक रेघ ओढा. आपल्याकडे रोज ओल्या फडक्यानं फरशी पुसतात (कामवाल्या मावशी तर बादलीच उपडी करतात); ही रेघ नसेल तर ते पाणी पट्टीखालून कार्पेटच्या पाठीत मुरतं आणि कुबट वास सुटतो.