पूरग्रस्तांसाठी पुण्याहून टेम्पो नेतोय, काय भरू?

टेम्पोवाला_गट: शिरोळ तालुक्यात पंचगंगेचं पाणी गावात शिरलंय. 60 कुटुंबं, साधारण 270 माणसं, शाळेत हलवली आहेत. परवा निघतोय. कपडे, बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या जमल्या आहेत. आणखी काय घेऊ?

नदीकाठ: आधी तलाठ्याला किंवा ग्रामसेवकाला फोन करा. दहा टेम्पो एकाच डांबरी रस्त्यावरच्या गावात रिकामे होतात आणि आतल्या वाडीला काहीच पोचत नाही, हे दर पुरात होतं.

जुने कपडे उतरवा. छावणीत ते निवडायला ना माणूस असतो ना कोरडी जागा. दोन दिवसांत ढीग कुबट होतो. नवी अंतर्वस्त्रं, टॉवेल, चादरी आणि सॅनिटरी पॅड न्या. पिशव्यांवर माप लिहा. मच्छरदाण्या नेल्या तर सुतळी आणि खिळे विसरू नका, वर्गात त्या बांधायला काही नसतं.

जलसुरक्षक: बाटल्यांचा हिशोब करा. माणशी 3 लिटर फक्त प्यायला धरलं तरी रोज 810 लिटर. तुमचा टेम्पो दीड-दोन दिवसांत संपेल आणि रिकाम्या बाटल्या गटारं तुंबवतील. धुणं-आंघोळीसह माणशी 15 लिटर धरले तर रोज चार हजार लिटर लागतात, म्हणजे 5000 लिटरचा एक टँकर. तो गावाला मिळवून द्या, आणि कुटुंबामागे एक झाकणाचा, नळाचा 20 लिटरचा जार न्या. उघड्या कळशीत पेला बुडवला की शुद्ध केलेलं पाणी पुन्हा खराब.

पाणी शुद्ध करायला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, 1000 लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे टँकरला 25 ग्रॅम. पावडर थेट टाकीत टाकू नका. प्लास्टिकच्या बादलीत आधी पेस्ट करा, मग पाणी घालून ढवळा, अर्धा तास ठेवा. चुना खाली बसला की वरची निवळी तेवढी ओता. आणखी अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी. पिवळा रंग आला नाही तर पाणी द्यायचं नाही. उघड्या पोत्यातली पावडर दमट हवेत मरते, म्हणून छोटी सीलबंद पाकिटं घ्या. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या, नाहीतर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं.

आणि टीसीएल टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडबरोबर एका बादलीत कधीच नको, विषारी वायू सुटतो.

टेम्पोवाला_गट: शाळेत पाच वर्ग आहेत. पुरतील का?

नदीकाठ: नाही. माणशी 3.5 चौरस मीटर धरा. 500 चौरस फुटांच्या वर्गात तेरा माणसं बसतात, पाच वर्गांत 65. बाकीच्यांसाठी मंगल कार्यालय किंवा दुसरी शाळा तहसीलदारांकडून मागून घ्यावी लागेल. 30 माणसांना एक या हिशोबाने संडास नऊ हवेत, शाळेत बहुधा दोन-तीनच असतील. ट्रकभर बिस्किटांपेक्षा फिरते संडास भाड्याने पाठवलेत तर जास्त उपयोग. रात्री तिथपर्यंत उजेड नसेल तर बाया जात नाहीत आणि पाणी पिणंच कमी करतात, तेव्हा सोलर दिवे घ्या.

शिधा कच्चा देऊ नका, चूल कुठे आहे? आधी सामुदायिक स्वयंपाकाला तांदूळ, डाळ, तेल आणि गॅस द्या. घरी परततानाचा किट वेगळा: खराटा, फावडं, घमेलं, गमबूट, फिनेल, साबण.

गोठा: म्हशींचं कुणी विचारलंच नाही! जनावरं सोडून माणूस बोटीत बसत नाही. मोठ्या जनावराला दिवसाला 15 ते 18 किलो ओला चारा लागतो. पुण्याहून ओला भरून आणू नका, ताडपत्रीखाली तापून बुरशी धरतो. वाळला कडबा किंवा पेंड आणा. नुसत्या उसाच्या वाड्यावर (शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर) ठेवलं तर कॅल्शियम कमी पडतं, खनिज मिश्रण द्या.

जलसुरक्षक: चिखलातून फिरणाऱ्यांना लेप्टोचा (जनावरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या तापाचा) धोका असतो. त्यावरचं औषध डॉक्सीसायक्लीन वाटायचं काम आरोग्य पथकाचं; गरोदर बायका आणि लहान मुलांना ते चालत नाही. तुम्ही गोळ्या भरून नेऊ नका.

नदीकाठ: एक राहिलं. घर धुण्याआधी भिंतीवरची पाण्याची रेघ आणि भिजलेल्या सामानाचे फोटो काढायला सांगा. आधी घर लख्ख केलं की पंचनाम्यात दाखवायला काही उरत नाही.