जनुकाला एकच 'मुख्य' प्रथिन पुरे?

अनुजा: युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसमध्ये कुठलंही मानवी जनुक उघडा. एक क्रम 'कॅनॉनिकल', म्हणजे मुख्य, म्हणून वर; स्प्लायसिंगमधून, म्हणजे जनुकाच्या आरएनए प्रतीचे तुकडे वेगवेगळे जोडून, आलेले बाकीचे आयसोफॉर्म (त्याच जनुकाची इतर प्रथिनरूपं) खाली. अमिनो आम्लांचे क्रमांकही कॅनॉनिकलवरूनच मोजलेले. मला हे घातक वाटतं. पेशीचं जगणं-मरणं ठरवणाऱ्या बीसीएल-एक्स प्रथिनाची दोन रूपं बघा. 233 अमिनो आम्लांचं लांब रूप पेशीला मरू देत नाही, 170चं आखूड रूप तिला मरणाकडे ढकलतं. आखूड रूपाचं उलटं काम युनिप्रॉटवर लिहिलंय, पण परिच्छेदातल्या एका वाक्यात. हजारो जनुकांची यादी घेऊन बसलेला माणूस ते वाक्य वाचणार कधी? कार्याची नोंद आयसोफॉर्मवारच हवी.

विश्वास: असहमत. एखाद्या रूपाचा आरएनए सापडला म्हणजे त्याचं प्रथिन बनतंच असं नाही. माद्रिदचे मायकेल ट्रेस आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये एका नियतकालिकात हेच मांडलं: मास स्पेक्ट्रोमेट्रीत, म्हणजे प्रथिनांचे तुकडे वजनावरून ओळखण्याच्या तंत्रात, बहुतेक जनुकांचं एकच प्रमुख रूप दिसतं. त्यांचा एप्रिस डेटाबेस प्रथिनाची रचना आणि इतर प्रजातींतलं साम्य बघून मुख्य रूप निवडतो. सगळ्यांना समान मान दिलात तर डेटाबेसात कचरा साठेल.

अनुजा: त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात बेंजामिन ब्लेन्को यांनी उत्तर दिलंय की या तंत्राची पोहोचच अपुरी आहे. शिवाय एक्झॉनच्या, म्हणजे स्प्लायसिंगमध्ये जोडल्या जाणाऱ्या तुकड्याच्या, शेवटी अनेकदा एएजी ही तीन अक्षरं येतात. तीन-तीन अक्षरांची वाचनचौकट जुळली की तो लायसिन या अमिनो आम्लाचा कोडॉन, आणि या तंत्रात प्रथिनं तोडायला वापरलं जाणारं ट्रिप्सिन नेमकं लायसिननंतर कापतं. दोन एक्झॉनचा सांधा दाखवणारा तुकडा मग हाती लागणार कसा? दिसलं नाही म्हणून ते नाहीच, असं कसं म्हणता?

मृणाल: मी जनुकीय तपासणीचे रिपोर्ट लिहिते, त्या बाजूने सांगते. क्रमांकासाठी एक ट्रान्सक्रिप्ट (जनुकाची आरएनए प्रत) ठरलेला हवाच, नाहीतर एकच म्युटेशन दोन लॅबमध्ये दोन नावांनी येतं. मेन (MANE) प्रकल्पाने रेफसेक आणि एन्सेम्बल या दोन जनुक-डेटाबेसमध्ये तंतोतंत जुळणारा एक ट्रान्सक्रिप्ट निवडून दिला, हे मोठंच काम झालं. पण टायटिन या स्नायूंतल्या प्रथिनाच्या जनुकात एवढ्यावर भागत नाही. एक्झॉन 363. प्रथिन अर्धवट तोडणारं म्युटेशन हृदयात कायम वापरल्या जाणाऱ्या एक्झॉनमध्ये असेल तर हृदयाचा स्नायू कमजोर होण्याचा धोका खरा. हृदय क्वचितच वापरतं अशा एक्झॉनमध्ये असेल तर बहुधा निरुपद्रवी. समोर बसलेल्या कुटुंबाला काय सांगायचं ते यावर ठरतं. आयसोफॉर्मची नुसती यादी मला तिथे काहीच सांगत नाही. कुठल्या ऊतकात कुठला एक्झॉन किती वापरला जातो, ते नोंदीलाच जोडलेलं हवं.

विश्वास: टायटिनबद्दल मान्य. पण तिथे हृदयाच्या नमुन्यांवर खरंच काम झालंय. बाकीच्या जनुकांत आरएनएवरून अंदाज बांधून तो रकाना भरणार असाल तर माझा विरोध कायम. पुरावा नसेल तिथे रकाना रिकामा दिसू दे.

अनुजा: रिकामा चालेल, पण प्रत्येक आयसोफॉर्मसमोर स्वतंत्र. आज बीसीएल-एक्सच्या आखूड रूपाला कार्याचा असा रकानाच मिळत नाही, माझी तक्रार तेवढीच आहे.